रॅपिडचा (नदीतल्या खळाळत्या उताराचा) ग्रेड नक्की ठरवतं कोण? कोलाडचा ३ आणि ऋषिकेशचा ३ एकच का?

सिंहगडरोडवाला:

नमस्कार मंडळी. मी पानशेत आणि मुळशीच्या बॅकवॉटरला कयाकिंग करतो, म्हणजे सपाट पाणी, वारा सुटला तरच काय तो त्रास. नंतर व्हाईटवॉटरचं, म्हणजे खळाळत्या नदीत उतरायचं, वेड लागलं, स्विमिंग पूलमध्ये रोल (उलटी झालेली कयाक आत बसूनच सरळ करणं) शिकलो, तो आता बऱ्यापैकी भरवशाचा झालाय, आणि इन्स्ट्रक्टरबरोबर कोलाडला कुंडलिका पण उतरलो. सकाळी भिऱ्याच्या वीजकेंद्राचं पाणी येतं आणि बघता बघता नदी भरते ते बघूनच अंगावर काटा आला होता, मस्त अनुभव. आता नोव्हेंबरात ऋषिकेशला जायचं चाललंय.

तर प्रश्न असा. कुंडलिकेला सगळीकडे ग्रेड २ ते ३ लिहिलेलं असतं. शिवपुरी ते ऋषिकेश या पट्ट्याला पण ग्रेड ३ च लिहिलेलं असतं. पण व्हिडिओ बघितले तर दोन्हीकडचं पाणी कुठल्याच अंगाने सारखं वाटत नाही, गंगेची एक लाट कुंडलिकेच्या अख्ख्या रॅपिडएवढी दिसते. त्यात गोल्फ कोर्स नावाच्या रॅपिडला कुणी ३ म्हणतं, कुणी ३ प्लस, आणि एका राफ्टिंगवाल्यांनी फोनवर सरळ ४ सांगितला. हा आकडा देतं कोण? काही मोजमाप असतं का, उंची किंवा वेग वगैरे? राफ्टसाठी आणि कयाकसाठी वेगळा असतो का? आणि मुख्य म्हणजे कोलाड जमलं म्हणून मी ऋषिकेशच्या ३ मध्ये कयाक घालावी का? घरी आईला काहीतरी नीट उत्तर द्यायचंय, ती रोज विचारते.

अलकनंदापार:

मी मूळचा नाशिकचा, सीझनभर इकडे शिवपुरीच्या बाजूला सेफ्टी कयाकर म्हणून, म्हणजे पाण्यात पडलेल्यांना कयाकने काढायचं, काम करतो. जरा मोठं लिहितो कारण हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारतं आणि उत्तर एका ओळीत मिळाल्यामुळेच लोकांची गल्लत होते.

पहिली गोष्ट, शिक्का मारणारं ऑफिस कुठेच नाही. १ ते ६ अशी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, अमेरिकन व्हाईटवॉटर नावाची १९५४ पासूनची संस्था आहे ती त्याच्या व्याख्या छापते, आणि बाकी जग थोड्याफार फरकाने तेच वापरतं. पण अमुक रॅपिड ३ का ४ हे त्या नदीवर वर्षानुवर्षं उतरणारे लोक आपसात बोलून ठरवतात, मग ते गाईडबुकात जातं, तिथून वेबसाईटवर, आणि वेबसाईटवाला गिऱ्हाईक बघून प्लस मायनस लावतो. थरार विकायचा असेल तर ४, शाळेची सहल आणायची असेल तर ३. म्हणून फोनवर मिळालेल्या आकड्यावर जाऊ नकोस.

उंची, वेग असं मीटर लावून काही मोजत नाहीत. बघतात ते हे, की बोटीत बसल्या बसल्या रस्ता दिसतो का, का काठावर उतरून पुढचं बघून यावं लागतं. ठरलेली लाईन किती अचूक धरावी लागते. एक वळण झाल्यावर दुसरं यायच्या आत श्वास घ्यायला वेळ आहे का. आणि बोटीतून बाहेर पडलास तर तुझा तू काठाला लागशील का.

१ म्हणजे वाहतं पाणी, बारीक खळखळ. २ ला लाटा असतात पण रस्ता रुंद आणि समोर दिसणारा, एखादा खडक चुकवायचा बस. हे तू करून आलायस. ३ पासून मामला बदलतो. लाटा एका तालात येत नाहीत, एक समोरून आली की दुसरी तिरकी बाजूने आपटते, मध्ये होल (पाणी उलटं फिरून बोट धरून ठेवतं त्या जागा) असतात ते चुकवायचे, आणि एडीत, म्हणजे खडकामागच्या किंवा काठाच्या उलट्या फिरणाऱ्या पाण्यात, शिरता बाहेर पडता आलं पाहिजे, ते सुद्धा पाहिजे त्या एडीत, मिळेल त्या नाही. नवीन माणसाने ३ सुद्धा काठावरून बघूनच उतरावा. ४ मध्ये जोर वाढतोच पण खरा फरक असा की तिथे काही मूव्ह कराव्याच लागतात. म्हणजे डावीकडच्या खडकाच्या मागे नाही शिरलास तर खालचं होल तुला घेणारच, मधला मार्ग नाही. पाणी जोरदार असतं पण बेभरवशाचं नसतं, कसं वागणार ते वाचता येतं, आणि वाचता येणाऱ्यानेच तिथे जायचं. पक्का रोल पाहिजे, आणि स्विम झालाच, म्हणजे बोट सुटून पाण्यात पडलास, तर बरोबरच्या लोकांना दोरी टाकून काढता आलं पाहिजे, कारण एकट्याने निघणं अवघड. ५ मध्ये हे सगळं लांबलचक, एकापाठोपाठ एक, मध्ये थांबायला जागा नाही, आणि चूक झाली तर तज्ज्ञांनाही वाचवणं कठीण. ६ म्हणजे माणसाने उतरता येतं का याचीच सीमा.

आता तुझा कोलाड विरुद्ध ऋषिकेश. ग्रेडमध्ये पाण्याचा एकूण आकार नीट उतरत नाही. कुंडलिका अरुंद, खडकाळ, पाणी बेताचं. तिथे कौशल्य लागतं ते खडकांमधून पटापट वळायचं. गंगेवर खडक कमी लागतात पण पाणी अवाढव्य. तिथे तुला त्रास देणार ते खडक नाहीत, एडी लाईन देणार. मुख्य धार आणि काठाचं उलटं फिरणारं पाणी यांच्यामधली जी रेघ असते ना, ती कुंडलिकेवर हातभर रुंद असते, इथे अख्खी कयाक मावेल एवढा पट्टा असतो आणि त्यात भोवरे उठतात, खालून फुगे आल्यासारखं पाणी वर येतं, कयाकची शेपटी खाली खेचली जाते. पूलमधला रोल तिथे पहिल्या झटक्याला लागत नाही कारण पाणी दोन दिशांनी ओढत असतं. घाई न करता जरा थांबून, धारेत वाहत गेल्यावर रोल मारायचा, हे शिकावं लागतं आणि ते पूलमध्ये शिकता येत नाही.

राफ्ट आणि कयाकचं म्हणशील तर आकडा एकच लिहितात पण अनुभव एक नसतो. सहा सात माणसांची जड राफ्ट लाटेतून आणि छोट्या होलमधून आपल्या वजनानेच आरपार जाते, तिथे कयाक उलटी होऊ शकते. उलट अरुंद खडकाळ ओढ्यात राफ्ट अडकून बसते आणि कयाकवाला एडी एडी करत आरामात उतरतो. म्हणून राफ्टिंगच्या जाहिरातीतला ३ वाचून कयाकचा निर्णय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि पाण्याची पातळी. लिहिलेला ग्रेड हा नेहमीच्या पातळीचा असतो. मे जूनमध्ये बर्फ वितळून गंगा चढते तेव्हा काही रॅपिड पाण्याखाली बुडून नुसत्या मोठ्या लाटा उरतात, आणि काहींचे होल इतके मोठे होतात की लांबूनच नमस्कार. थंडीत पाणी उतरलं की तेच उतार तीव्र होतात, खडक वर येतात. जुलै ऑगस्टमध्ये तर राफ्टिंग बंदच असतं. एका दिवसात पण फरक पडतो, वर भागीरथीवर टिहरी आहे, अलकनंदेवर श्रीनगरचा प्रकल्प आहे, वीज किती बनवतायत त्यावर खालची पातळी हलते. आम्ही सकाळी वाळूत पाण्याच्या कडेला काडी रोवतो आणि निघायच्या आधी बघतो पाणी काडीच्या वर गेलंय का खाली.

पोटोमॅककाठी:

अलकनंदापार यांनी छान लिहिलंय. मी मुळची डोंबिवलीची, आता व्हर्जिनियात असते, इकडच्या क्लबबरोबर कयाकिंग करते. त्यात मला एक गोष्ट जोडायची आहे जी मला फार महत्त्वाची वाटते. ग्रेड सांगतो अवघड किती. चुकलं तर काय होईल हे तो अर्धवटच सांगतो. या दोन गोष्टी नवीन माणूस एकच समजतो.

उदाहरण देते. आफ्रिकेत व्हिक्टोरिया फॉल्सच्या खाली झांबेझी आहे. प्रचंड पाणी, ५ ग्रेडचे रॅपिड, राफ्ट धडाधड उलटतात. पण बऱ्याच रॅपिडनंतर खाली शांत डोह येतो, पाणी माणसाला गटांगळ्या खायला लावतं आणि मग त्या डोहात सोडून देतं. त्याच नदीवरचा नऊ नंबरचा रॅपिड मात्र ६ मानतात, तिथे राफ्टिंगवाले माणसांना काठाने चालत पुढे नेतात. आता इकडे वेस्ट व्हर्जिनियातली अप्पर गॉली घ्या. सप्टेंबरपासून समर्सव्हिल धरणातून ठरवून पाणी सोडतात, साधारण २८०० क्युसेक. आपल्याकडे पावसाळ्यात पेपरात धरणाच्या विसर्गाचे आकडे येतात त्याच्यापुढे हे काहीच नाही. पण गॉलीचे खडक खालून पोखरलेले आहेत, पाणी खडकाच्या बाजूने न जाता खडकाच्या खाली जातं. लॉस्ट पॅडल, आयर्न रिंग अशा रॅपिडमध्ये बोट सरळ राहिली तर तुम्हाला वाटेल एवढं काय अवघड, पण चुकीच्या जागी पाण्यात पडलं तर माणूस खडकाखाली ओढला जाऊ शकतो. लाटा बघून हे कळत नाही. माहिती असणाऱ्यालाच कळतं.

म्हणून आमच्या क्लबात नवीन माणसाला शिकवतात की आकडा ऐकल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा, इथे पोहावं लागलं तर कुठे जाईन? खाली डोह आहे का लगेच पुढचा रॅपिड? खडक पोखरलेले आहेत का? झाडं अडकलीयेत का? रस्ता जवळ आहे का?

थंड पाण्याचं पण आहे. अमेरिकन व्हाईटवॉटरच्या व्याख्यांबरोबर अशी सूचना असायची की पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली असेल किंवा ट्रिप रस्त्यापासून लांब रानात अनेक दिवसांची असेल तर नदी एक ग्रेड वरची धरा. नॉर्थ कॅरोलिनातली नांताहाला नदी तुमच्या कुंडलिकेची बहीणच म्हणा, वीजकेंद्राचं पाणी, ग्रेड २ आणि शेवटी एक ३ चा टप्पा. पण ते पाणी तलावाच्या तळातून येतं, भर उन्हाळ्यात बर्फासारखं. कोलाडला पाण्यात पडलं तर बरं वाटतं, तिथे पडलं की छाती आवळते, श्वास लागत नाही, आणि काही मिनिटांत हातातलं वल्हं नीट धरता येत नाही. ग्रेड दोन्हीकडे सारखाच लिहिलेला. गंगेचं पाणी पण डोंगरातलं आहे, डिसेंबर जानेवारीत जाणार असाल तर हे नक्की धरा.

अजून एक, ग्रेड कायमचा नसतो. ग्रँड कॅनियनमध्ये क्रिस्टल नावाचा रॅपिड आहे. डिसेंबर १९६६ पर्यंत तो साधासुधा होता, मग बाजूच्या ओढ्याने एका वादळात दगडधोंड्यांचा लोंढा आणून टाकला आणि तो तिथल्या सगळ्यात धोकादायक रॅपिडपैकी एक झाला. १९८३ ला वरच्या धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं तेव्हा तिथे मोटरवाल्या मोठ्या राफ्टही उलटल्या. त्या नदीवर तर परंपरेने १ ते १० असा वेगळाच मापदंड चालतो, त्यामुळे कुणी क्रिस्टल १० म्हटलं तर दचकू नका.

आणि माणसं पण बदलतात. आमच्या इथे पोटोमॅक नदीचा ग्रेट फॉल्स धबधबा आहे, एकेकाळी तो उतरण्यासारखा नाहीच असं समजायचे, १९७० च्या दशकात पहिल्यांदा काही लोक उतरले, आणि आता गेजवर (पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीवर) पाणी बरोबर दिसलं की इथले तज्ज्ञ सकाळी उतरून ऑफिसला जातात. असं होत गेल्यामुळे सगळं अवघड ५ मध्येच कोंबलं जायला लागलं, मग १९९८ मध्ये ५ च्या आत ५.०, ५.१, ५.२ अशा पायऱ्या केल्या आणि प्रत्येक ग्रेडसाठी माहितीचे रॅपिड नमुना म्हणून यादीत घातले, की बाबा तुमचा रॅपिड यातल्या कुणासारखा आहे ते बघा.

राफ्टप्रेमी_ठाणे:

सगळं वाचलं. मग माफ करा पण या आकड्याचा उपयोग काय? पातळी बदलली की बदलतो, राफ्टला वेगळा कयाकला वेगळा, थंडीत एक वाढवा, चुकल्यावर काय होईल ते सांगत नाही. त्यापेक्षा लोकल गाईडला विचारलं की झालं.

पोटोमॅककाठी:

उपयोग आहे, खूप आहे. एकाच भागातल्या नद्यांची तुलना करायला तो चोख चालतो. मी इकडचे ३ चे रॅपिड ओळखते, कुणी मला त्याच भागातली नवीन नदी ३(४) आहे म्हणून सांगितलं तर मला लगेच कळतं की बहुतेक रॅपिड माझ्या ओळखीच्या जातीचे आहेत आणि एखादाच वरचा आहे, तो बहुधा काठाने बोट उचलून टाळता येईल. एवढी माहिती एका आकड्यात मिळते. गोंधळ होतो तो एका खंडातला आकडा दुसऱ्या खंडात नेला की, किंवा छोट्या नदीचा मोठ्या नदीला लावला की. आणि लोकल गाईडला विचाराच, पण त्याने ३ म्हटल्यावर तुमच्या डोक्यात काहीतरी चित्र उभं राहायला तर हवं ना.

अलकनंदापार:

सहमत. आणि राफ्टप्रेमी, राफ्टमध्ये तुमच्यासाठी निर्णय गाईड घेतो, त्यामुळे तुम्हाला आकडा नाही कळला तरी चालतं. कयाकमध्ये तुम्ही एकटे असता. तिथे हा आकडा समजणं हा सुरक्षेचा भाग आहे.

सिंहगडरोडवाला:

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. दादा, एडी लाईनचं वाचून मला कोलाडचे व्हिडिओ परत बघावेसे वाटले.

अजून एक विचारतो. आमच्या ग्रुपमध्ये एक जण आहे, तो म्हणतो ऋषिकेशला कशाला, जुलैत ताम्हिणीच्या बाजूला पाणी भरपूर असतं, तिथले ओढे नद्या उतरू, फुकटात ग्रेड ३ मिळेल. सह्याद्रीतल्या पावसाळी नद्यांचे ग्रेड कुठे लिहिलेत का? मला शोधून फारसं काही सापडलं नाही.

सत्तरीकर:

मी गोव्यातला, वाळपईचा. आमच्याकडे म्हादईवर पावसात राफ्टिंग चालतं, २ ते ३ म्हणतात. त्यामुळे पावसाळी नदीवर थोडं बोलू शकतो.

तुमच्या मित्राला सांगा, पावसाळी नदीला एक ग्रेड नसतोच. गंगेची पातळी बर्फ आणि धरणं ठरवतात, ती हलते पण अंदाज येतो. म्हादई उगम पावते खानापूरकडे भीमगडच्या जंगलात. तिथे रात्री धो धो पाऊस पडला आणि आमच्याकडे कडक ऊन असलं तरी पाणी चढतं, रंग बदलून तांबडं लाल होतं आणि त्यात पाला, काटक्या वाहायला लागल्या की आम्ही समजतो वरून लोंढा येतोय, गप्प काठावर यायचं. ही तर मोठी नदी आहे. घाटाच्या तोंडाशी असलेल्या ओढ्याला एवढाही वेळ मिळत नाही. सकाळी २ असलेलं पाणी जेवायच्या वेळेला काय असेल कोणी सांगू शकत नाही.

दुसरं, तांबड्या पाण्यात खालचं दिसत नाही. ऋषिकेशला नोव्हेंबरात पाणी हिरवं नितळ असतं, खडकाची सावली सुद्धा दिसते. इथे तुम्ही फक्त वरची लाट वाचता.

तिसरं आणि सगळ्यात वाईट, झाडं. पावसात नदी पात्र सोडून काठावरच्या बांबूत, करंजात, आंब्याच्या बागेत शिरते. त्यात कयाक घुसली की पाणी फांद्यांमधून आरपार जातं आणि माणूस तिथेच दाबून धरला जातो. ताकद असून उपयोग नाही. पाणी कमरेएवढं असलं तरी. इंग्रजीत याला स्ट्रेनर म्हणतात, ग्रेडच्या आकड्यात हे कुठेच येत नाही कारण आज पडलेलं झाड काल नव्हतं.

खरोखर सह्याद्रीतली नदी उतरायचीच असेल तर आधी एप्रिल मे मध्ये पात्र कोरडं असताना चालून या. ही सोय आपल्याकडे आहे, हिमालयात नाही. एक एक खडक, कपार, पोखरलेली जागा उघडी दिसते. निघोजला कुकडीत रांजणखळगे बघितले असतील, तसल्या खळग्यांवरून पावसात पाणी गेलं तर वरून फक्त साधी लाट दिसेल, पण खाली पाय किंवा माणूस अडकायला भोकं तयार. फोटो काढा, कुठे बाहेर पडता येईल त्या जागा ठरवा. मग पाऊस ओसरत आल्यावर, कमी पाण्यात, माहीतगार माणसांबरोबर. जुलैतल्या जोरात तर नाहीच.

पंचगंगा_किनारी:

सत्तरीकरांनी झाडांचं सांगितलं, मी बंधाऱ्यांचं सांगतो कारण कोल्हापूर सांगलीकडे प्रत्येक नदीवर थोड्या थोड्या अंतराने केटी (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा आहे आणि कयाकवाल्यांना वरून येताना तो नुसती एक सरळ रेघ दिसतो.

पावसाळ्याआधी बरगे, म्हणजे पाणी अडवायला गाळ्यांत लावलेल्या फळ्या, काढतात. त्यामुळे पाणी मध्यम असताना ते खांबांच्या मधल्या गाळ्यांतून जोरात जातं. त्या गाळ्यात ओंडका, पाला, जलपर्णी अडकलेली असते. बोट आडवी लागली तर पाणी तिला दोन खांबांवर दाबून वाकवतं, माणूस आत. पाणी आणखी चढून बंधाऱ्यावरून वाहायला लागलं की दुसरा प्रकार. पलीकडे खाली पडलेलं पाणी तळाशी जाऊन परत बंधाऱ्याकडेच फिरतं, आणि हे या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखं. नैसर्गिक होलला कुठेतरी फट असते, दोन्ही टोकं खालच्या दिशेला वळलेली असली तर माणूस बाजूने निसटतो. बंधाऱ्याला फट नाही. लाइफ जॅकेट घातलेला माणूसही तिथेच गोल फिरत राहतो. दिसायला चार फुटांचा धबधबा, गाय म्हैस पाणी पिते तिथे, आणि पट्टीचे पोहणारे तिथे जिवानिशी गेलेले आहेत. याला कुठला ग्रेड देणार? बंधारा दिसला की लांबूनच काठ गाठायचा आणि बोट खांद्यावर.

एक चांगली गोष्ट पण सांगतो. पोटोमॅकवाल्या ताईंनी गेजचा उल्लेख केलाय. आमच्याकडे पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर फुटात मोजतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे कोल्हापुरातल्या पोराला पण पाठ असतं. ते पुरासाठी आहे हे खरं, पण हीच सवय कयाकवाल्यांनी लावून घेतली पाहिजे. ज्या नदीवर उतरता तिथला एखादा पूल, घाटाची पायरी, मोठा कातळ ठरवा, आणि दर वेळी लिहून ठेवा की पाणी या पायरीला होतं तेव्हा रॅपिड कसा होता. असं चार पाच सीझन दहा जणांनी लिहिलं तर आपल्या नद्यांचे ग्रेड तयार होतील. आत्ता ते नाहीत म्हणून तुम्हाला सापडले नाहीत.

अलकनंदापार:

पंचगंगा भाऊ, ही वही कुणीतरी खरंच सुरू करा. इथे उत्तराखंडात जुन्या गाईड लोकांच्या डोक्यात हे सगळं आहे पण कागदावर थोडंच. २०१३ च्या पुरात मंदाकिनी अलकनंदेची पात्रं कशी बदलली ते आम्ही बघतोय, जुन्या आठवणीवर चालणं बरं नाही.

सिंहगडरोडवाला, आता तुझं. कोलाड जमलं म्हणून लगेच शिवपुरीहून एकटा सुटू नकोस, पण ऋषिकेश सोडायचंही कारण नाही. पहिला दिवस एडी लाईनवरच घालव, ब्रह्मपुरीच्या खालच्या सोप्या पट्ट्यात, रॅपिड संपल्यावरच्या पाण्यात. आत शिर, बाहेर पड, आडवा नदी ओलांड, मुद्दाम उलटा हो आणि वाहत वाहत रोल मार. तो रोल दोन्ही बाजूंनी बसला की मग शिवपुरीपासून खाली. रोलर कोस्टर नावाच्या रॅपिडमध्ये लाटा मोठ्या आहेत पण सरळ आहेत, मधून गेलास तर ठीक. गोल्फ कोर्स आधी काठावर उतरून बघायचा, पातळी बघून होल कुठे आहे ते ठरतं, आणि तुझ्या बरोबरचा इन्स्ट्रक्टर नको म्हणाला तर बोट उचलून चालायचं, त्यात कमीपणा नाही, इथे आम्ही पण चालतो. शिवपुरीच्या वरचा, इथल्या मरीन ड्राइव्हपासूनचा पट्टा नंतर, थ्री ब्लाइंड माइस वगैरे रॅपिड तिकडेच आहेत. द वॉल हा रॅपिड या खेपेला विसर.

तू पाण्यात पडलास तर काय ते पण आत्ताच पाठ कर. पाठीवर, पाय पुढे आणि वर, गुडघे थोडे वाकवून, वल्हं हातात. कितीही उथळ वाटलं तरी वाहत्या पाण्यात उभा राहायचा प्रयत्न नको, पाऊल खडकाच्या फटीत अडकलं की पाणी माणसाला पुढे वाकवून डोकं खाली दाबतं. झाडं किंवा फांद्या आडव्या दिसल्या तर मात्र उलट, पालथा होऊन जोरात पोहत बाजूला सटकायचं.

आणि आईला सांग की ऋषिकेशला इन्स्ट्रक्टर आणि सेफ्टी कयाकर बरोबर असतात, हेल्मेट जॅकेट असतं, रस्ता जवळपास नदीच्या कडेनेच आहे. जुलैतली ताम्हिणी रद्द केलीस हे पण सांग, त्याने जास्त समाधान होईल.

सिंहगडरोडवाला:

ताम्हिणी रद्द. मित्राला हा धागाच पाठवला, तो म्हणाला मे मध्ये पात्र चालून बघायला येतो. आईने बंधाऱ्याचं वाचून मला पुन्हा पुन्हा बजावलंय. एकच राहिलं, नोव्हेंबरात वेटसूट लागेल का साधा रॅश गार्ड चालेल?

अलकनंदापार:

वेटसूट घेच, नसेल तर भाड्याने मिळतो पण मापाचा मिळेलच असं नाही. वरून वारा अडवणारं एखादं कयाकचं जॅकेट, आणि उन्हात बसायला कोरडे कपडे वेगळ्या पिशवीत. रोलची प्रॅक्टिस करशील तर नाकाची क्लिप आण, थंड पाणी सारखं नाकात गेलं की दुपारपर्यंत डोकं दुखतं आणि मग शिकायचं लक्ष जातं. तारीख ठरली की इथे टाक, त्या आठवड्यात पाणी कसं आहे ते सांगतो.